खिडकीतील दिवली आणि दूरचित्रवाणीचा पडदा



आज आपण ज्या कोरमंगल्यात जमलो आहोत तेथे एके काळी तळी होती, शेते होती. पुढे विकास प्राधिकरणाने जमिनीचे ब्लॉक पाडले आणि देशाच्या सर्व कोपऱ्यांतून माणसे येथे राहावयास आली. यहुद्यांच्या जुन्या वस्तीशी या भागाचा काही संबंध नाही. तेव्हा हनुक्का आणि दूरचित्रवाणी हा विषय मी येथे का काढावा, असे कोणी विचारील तर ते अगदी योग्य होईल. माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक तर या शहरातील बहुतेकांनी हा सण पाहिला असेल तर तो पडद्यावरच पाहिला आहे. शेजारच्या घरी जाऊन पाहिलेला माणूस विरळा. आणि दुसरे असे की, ज्या यहुद्यांची मातृभाषा आपलीच मराठी आहे, त्यांच्या इतिहासाचा एक धागा येथून जवळच, श्रीरंगपट्टणच्या बाजूला अडकलेला आहे. तेथूनच मी प्रारंभ करतो.

सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे इंग्रज कंपनीच्या मुंबई सैन्यातील बेने इस्राएल अधिकारी होते. 1780 ते 1784 या काळातील म्हैसूरच्या युद्धात ते कैद झाले. सुटका होईल तर मुंबईस सिनेगॉग बांधीन, असा नवस त्यांनी बोलला होता, असे त्यांच्या समाजात सांगतात. टिपूच्या मातेने 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून त्यांना जीवदान देवविले, अशीही कथा आहे. कथा खरी की खोटी यात मी शिरत नाही. सिनेगॉग मात्र खरे आहे. 1796 साली मुंबईच्या मांडवी भागात ते उभे राहिले. त्याचे हिब्रू नाव 'दयेचे द्वार' अशा अर्थाचे आहे. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले. कोकणातील मराठी यहुद्यांनी आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणावे आणि शेजाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटू नये, ही गोष्ट आजच्या दिवसांत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे.

या समाजाची स्वतःच्या उगमाविषयीची परंपरा आपणांस ठाऊक असेल. गलबत फुटले, थोडी माणसे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागली, पुस्तके समुद्रात गेली, आणि वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ज्या गावात ते राहिले त्या गावाचे नाव लावून दिवेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे झाली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीव येथे. किहीमकरांच्या मते हे लोक इ. स. पूर्व 175 च्या सुमारास, अँटायोकस राजाच्या छळाच्या काळात पॅलेस्टाइनमधून निघाले. पुष्कळांनी या मताच्या पुष्ट्यर्थ जो पुरावा पुढे केला, तोच आपल्या आजच्या विषयाचा गाभा आहे: या लोकांना हनुक्का ठाऊक नव्हता.

हनुक्का म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. अँटायोकसने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले, त्याविरुद्ध मक्काबी घराण्याने बंड केले आणि इ. स. पूर्व 164 मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करून अर्पण केले. किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवसापासून आठ दिवस तो सण चालतो. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे करीत आठव्या रात्री आठ. शिवाय रोज एक सेवक-दिवा असतो. बाकीचे त्याच्याने पेटवायचे. आता जे गलबत या घटनेच्या आधीच निघाले, त्यावरील माणसांना हा सण कसा ठाऊक असणार? हा तो युक्तिवाद.

युक्तिवाद सुबक आहे. माझ्या मते जरा अधिकच सुबक आहे. एखादी गोष्ट नसणे हा फार दुबळा पुरावा असतो. पुस्तकांवाचून शेकडो वर्षे राहिलेला समाज आठ दिव्यांचा एक लहानसा सण विसरूही शकतो. तरी एक निरीक्षण निःसंशय मोलाचे आहे. या समाजाच्या जुन्या सणांना मराठी नावे होती. नव्या वर्षाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस हा दारे लावून घरात बसण्याचा सण म्हणून ओळखला जाई. मंदिराच्या नाशाच्या स्मरणाचा दिवस 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे. पुरीमला तर 'होळीचा सण' म्हणत. या यादीत हनुक्काला मराठी नाव नाही. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी या गृहस्थाने आणि त्याच्यानंतरच्या शिक्षकांनी या तेल्यांना मुख्य प्रवाहाच्या धर्माचारांशी पुन्हा जोडून दिले. रहाबीच्या काळाविषयी मतभेद आहेत, पण अठराव्या शतकाकडे बहुतेकांचा कल आहे. हनुक्का आला तो त्या नव्या ज्ञानाबरोबर, आपले हिब्रू नाव घेऊनच. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांना तेलाचाच सण परक्याकडून शिकावा लागला, हा योगायोग मला नेहमी मोठा विलक्षण वाटत आला आहे.

आता दूरचित्रवाणीकडे वळतो. यहुदी धर्माचारांपैकी पडद्यावर सर्वाधिक दिसतो तो हनुक्का. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा सण दुय्यम आहे. मक्काबींचे ग्रंथ यहुद्यांच्या पवित्र ग्रंथसंग्रहात नाहीत. या दिवसांत कामधंदा बंद ठेवण्याचे बंधन नाही. पेसाह, नवे वर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस यांच्या पंक्तीत तो बसत नाही. असे असून पडद्याने त्यालाच का उचलून धरले?

एक कारण पंचांगात आहे. हा सण नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत कधीतरी येतो. म्हणजे नाताळच्या आगेमागे. अमेरिकेत विसाव्या शतकात यहुदी मुलांना नाताळच्या झगमगाटात आपलेही काही असावे असे वाटू लागले आणि या लहान सणाचा भाव वधारला. तेथील दूरचित्रवाणीला डिसेंबरात शेजाऱ्याचा सण म्हणून दाखवावयास काहीतरी हवेच होते. 1994 च्या डिसेंबरात अ‍ॅडम सँडलर या विनोदी नटाने एका लोकप्रिय रात्र-कार्यक्रमात हनुक्कावर गाणे म्हटले. 1995 साली शेरी लुईस या बाहुलीकार बाईंनी आपल्या कोकरू-बाहुलीचा खास हनुक्का कार्यक्रम केला. 1996 साली 'रगरॅट्स' या मुलांच्या चित्रमालिकेने मक्काबींची कथा रांगत्या बाळांच्या तोंडी घातली. हा शेवटचा भाग पाहून अनेक अ-यहुदी मुलांना प्रथमच हा सण कळला असेल. तो चांगलाही आहे. पण या साऱ्या कार्यक्रमांचा ओढा कोठे असतो ते पाहा. एका दिवसापुरते तेल होते, ते आठ दिवस जळले, ही कथा त्यांना प्रिय. ती तालमुदात आहे. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात तेलाच्या चमत्काराचा उल्लेखही नाही. तेथे युद्ध आहे, आणि तेही केवळ परक्या राजाशी नाही; ग्रीक चालीरीती स्वीकारणाऱ्या आपल्याच माणसांशीही आहे. सणाच्या पोटातील हा घरचा तंटा पडदा सहसा दाखवीत नाही. मुलांना ते सांगणे कठीण आहे, हे मी मान्य करतो. मोठ्यांच्या कार्यक्रमांतही ते का नसावे, याचे उत्तर मात्र मला सापडलेले नाही.

असे नेहमीच नव्हते. 1944 साली अमेरिकेतील एका मोठ्या नभोवाणी-जाळ्याने न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीच्या सहकार्याने 'द इटर्नल लाइट' ही मालिका सुरू केली. ती पुढे दूरचित्रवाणीवरही आली. तिच्यात नाट्यरूपे असत, संभाषणे असत, विद्वान माणसे येऊन बोलत. मुख्य म्हणजे या वेळेचे पैसे कोणी देत नसे. सार्वजनिक लहरी वापरण्याच्या बदल्यात जनहिताचे काही कार्यक्रम द्यावयाचे, या समजुतीने प्रक्षेपक कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी यांना फुकट वेळ देत असत. 1960 साली तेथील नियामक आयोगाने भूमिका बदलली. विकलेल्या वेळेतील धार्मिक कार्यक्रमही जनहिताच्या खात्यात जमा धरता येतील असे ठरले. मग फुकट वेळ कोण देणार? ज्यांना वेळ विकत घेता आला ते पंथ वाढले. उरलेल्यांचे रविवार सकाळचे कार्यक्रम हळूहळू आटले. धर्मविषयक प्रक्षेपणाच्या इतिहासात मला ही घटना कोणत्याही चमत्काराहून महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही 2000 सालच्या सुमारास भक्तिवाहिन्या निघाल्या. त्यांच्यावर वेळ मिळवावयाचा तर पाठीशी अनुयायी हवेत आणि पैसा हवा. संबंध देशात ज्यांची संख्या पाच हजारांच्या आतबाहेर आहे, त्या यहुद्यांनी तेथे काय करावे?

परंतु पडद्याला हनुक्का आवडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सणाच्या नियमातच आहे. हा दिवा घरातील उजेडासाठी लावावयाचा नसतो. त्याच्या उजेडात वाचू नये, शिवू नये. तो दिसावा म्हणून लावावयाचा. तालमुदाचे सांगणे असे की दिवा दाराबाहेर ठेवावा; वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने रस्त्याकडील खिडकीत ठेवावा; आणि बाजारातील पावलांची वर्दळ थांबेपर्यंत त्याची वेळ. चमत्काराची वार्ता रस्त्यावरच्या वाटसरूला कळावी, हाच हेतू. लगेच पुढे असेही सांगितले आहे की, संकटाचा काळ असेल तर दिवा आतल्या मेजावर ठेवावा, तेवढे पुरे.

खबाद-लुबाविच या पंथाने यातील पहिला भाग उचलला आणि आपल्या युगाचा रस्ता म्हणजे दूरचित्रवाणी, असा त्याचा अर्थ लावला. 1979 साली वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या उपस्थितीत सार्वजनिक दीपप्रज्वलन झाले. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी या पंथाने उपग्रहाच्या साहाय्याने निरनिराळ्या खंडांतील दीपोत्सव एकाच प्रक्षेपणात जोडले. 1991 च्या डिसेंबरात मॉस्कोतील क्रेमलिनच्या सभागृहात हनुक्का साजरा झाला, तेव्हा सोव्हिएत संघाचे शेवटचे दिवस चालू होते. ज्या देशात हिब्रू शिकवणे हाच गुन्ह्यासारखा प्रकार होता, तेथून हे चित्र बाहेर पडले. चमत्कार जाहीर करावा, ही आज्ञा एवढ्या दूरवर पोहोचेल असे त्या जुन्या पंडितांच्या स्वप्नातही आले नसेल.

तथापि पंडितांनी या यंत्राचा विचार केला नाही असे समजू नका. पडद्यावरचा दिवा पाहून आपल्या घरचा दिवा लावल्याचे कर्तव्य फिटते काय? फिटत नाही, यावर फारसा वाद नाही. दिवा घरोघरी लागला पाहिजे. पण प्रक्षेपणात आशीर्वचन ऐकले तर 'आमेन' म्हणावे काय? येथे मते फुटतात. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान ऑयरबाख यांचे म्हणणे असे की ध्वनिवर्धकातून येतो तो माणसाचा आवाजच नव्हे, यंत्राने नव्याने उत्पन्न केलेला ध्वनी आहे. रब्बी ओवादिया योसेफ यांनी थोडी मोकळीक दिली: प्रक्षेपण प्रत्यक्ष त्याच क्षणी चालू असेल तर आमेन म्हणावे, पूर्वमुद्रित असेल तर म्हणू नये. मला हा भेद अतिशय उद्‌बोधक वाटतो. आपण आरतीचे मुद्रण लावून टाळ्या वाजवितो तेव्हा असा प्रश्न आपल्या मनात येतही नाही.

शिवाय शब्बाथ आहे. आठ दिवसांत एक शुक्रवारची संध्याकाळ यायचीच. त्या दिवशी हनुक्काचे दिवे आधी लावावयाचे, मग शब्बाथचे. आणि सूर्य मावळल्यावर अग्नी नाही, यंत्र चालू करणे नाही. म्हणजे प्रत्यक्ष प्रक्षेपणाला सर्वांत सोयीच्या त्या संध्याकाळी धर्मनिष्ठ घरात कॅमेरा बंद आणि संचही बंद. इस्राएलमध्ये दूरचित्रवाणी 1968 साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी शुक्रवारच्या प्रक्षेपणावरून मोठा झगडा झाला. सरकार ते थांबवू पाहत होते. नोव्हेंबर 1969 मध्ये एका नागरिकाच्या अर्जावर न्यायालयाचा आदेश निघाला आणि प्रक्षेपण झाले. म्हणजे यहुदी राष्ट्रातही पडदा आणि धर्म यांची गाठ सरळ सुटलेली नाही.

आता मुंबईविषयी बोलले पाहिजे. ते मी टाळीत होतो, हे कबूल करतो.

2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला. तेथील खबादचे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल ही बाई त्याला छातीशी धरून बाहेर पडली. आपण ते सारे पाहिले. हेलिकॉप्टरमधून दोराने गच्चीवर उतरणारे कमांडो वाहिन्यांनी त्या क्षणीच दाखविले, आणि देशातील घरोघर माणसे संचासमोर बसून होती; मीही बसलो होतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात वाहिन्यांच्या त्या वागणुकीची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली: कारवाई चालू असता ती दाखविणे म्हणजे आतल्यांना वर्दी देण्यासारखेच होते. या देशातील बहुसंख्य प्रेक्षकांनी यहुद्यांचे एखादे घर प्रथम पाहिले ते या अवस्थेत.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता तो हनुक्का आला. गेटवे ऑफ इंडियासमोर, जळालेल्या ताजमहाल हॉटेलच्या शेजारी, मोठी दीपशाखा उभारून दिवे लावले गेले, आणि कॅमेरे पुन्हा आले. संकटकाळी दिवा आतल्या मेजावर ठेवण्याची मुभा असता तो उघड्यावर लावला गेला. त्या संध्याकाळी तेथे दिवा लावणे योग्यच होते, असे माझे मत आहे. यंत्र तेच होते. पण या वेळी ते दाखवीत होते ते दाखवावे म्हणूनच लावलेले होते.

मात्र एका गोष्टीची खंत मला वाटते, आणि ती या व्याख्यानाचे खरे कारण आहे. तेव्हापासून डिसेंबरात वाहिन्यांवर हनुक्काची जी चित्रे येतात, त्यांत काळी हॅट आणि काळा कोट घातलेला, इंग्रजी बोलणारा रब्बी दिसतो. त्याच्याविषयी मला आदरच आहे. पण पाहणारा समजतो की भारतातील यहुदी म्हणजे हाच. भायखळ्याची, ठाण्याची, पनवेलची, अलिबागची बेने इस्राएल कुटुंबे, जी घरात मराठी बोलतात, एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे-नारळ-फळांचा मलिदा करतात, ज्यांचा एलियाहूच्या रथाचा टप्पा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकात आहे, ती या चित्रात येतच नाहीत, कारण त्यांच्या जुन्या चालीरीतींना डिसेंबर ठाऊक नाही. 2016 साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्या वेळीही अनेक मराठी माणसांना हे आपल्यातलेच लोक आहेत याचे आश्चर्य वाटले. आश्चर्य वाटण्याजोगे काही उरू नये एवढी तर ही जुनी ओळख आहे. डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांना 'बूट पॉलिश' या 1954 च्या चित्रपटात साऱ्या देशाने पाहिले. ते कोणत्या समाजाचे हे किती जणांनी ध्यानात घेतले?

मला कोणी या सणासाठी अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करावयास सांगितले, तर मी दीपशाखेने सुरुवात करणार नाही. 1880 च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी आपल्या शेजाऱ्यांची हरिकीर्तने ऐकून बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचावयास आरंभ केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांत बसविली गेली. वेद नाही, पंढरपूर नाही, पण पूर्वरंग-उत्तररंगाची ती आपलीच चौकट. यांतील पदे म्हणू शकणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, अद्याप आहेत. काही महाराष्ट्रात आहेत, काही इस्राएलमध्ये गेलेल्या कुटुंबांत आहेत, जेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. पण ती वयाने झुकली आहेत. त्यांचे गाणे, त्यांच्या घरात, तानपुऱ्याची किंवा पेटीची साधी साथ ठेवून आताच मुद्रित करावयास हवे. पुढच्या डिसेंबरची वाट पाहण्यासारखी स्थिती नाही.

त्यानंतर मी कॅमेरा मांडवीच्या जुन्या सिनेगॉगकडे नेईन, आणि ज्या श्रीरंगपट्टणात दिवेकर कैदेत होते अशी समजूत आहे तेथेही आणीन. कोरमंगल्याहून सकाळी निघालो तर दुपारच्या आत पोहोचू. मग एखाद्या घरातील आठवी रात्र. चित्रण शुक्रवारी ठेवावयाचे नाही, आणि ठेवावेच लागले तर सूर्यास्तापूर्वी दिवे लागताच यंत्रे आवरून घराबाहेर पडावयाचे, एवढे मात्र तंत्रज्ञांना आधी बजावून ठेवले पाहिजे.